सात वेळा मेलेली मोटारसायकल

उखर्डू नेहेते यांच्या मते अख्ख्या खानदेशात नजर असलेली माणसं दोनच. एक ते स्वतः, आणि दुसरा त्यांना अजून सापडायचा होता.

"एकतीस वर्षं मीटर रीडिंग केलं मी," ते येईल त्याला सांगत. "पण आकडे नाही वाचले. माणसं वाचली. ओट्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा बघून मी युनिट सांगायचो."

ते मीटरकडे खरोखरच बघत नसत. लोकांची एकतीस वर्षं तक्रारही तीच होती.

निवृत्तीनंतर त्यांनी जळगावात मेहरूणला एका गाळ्यावर पाटी लावली : 'यू. एन. तपास केंद्र'. न्यूयॉर्कलाही याच नावाची एक संस्था आहे असं कुणी लक्षात आणून दिलं, तर साहेब म्हणत, "असेल. पण तिची मेहरूणला शाखा नाही."

या केंद्राचा दुसरा आणि शेवटचा कर्मचारी म्हणजे सुकलाल पावरा. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, वय बेचाळीस, आयटीआयचा वायरमन. लोक बंद पडलेले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी घेऊन केंद्रात येत. साहेब त्यांचा तपास करत आणि सुकलाल तोवर त्या वस्तू दुरुस्त करत असे. गिऱ्हाईक कुणासाठी येतं, हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं आणि तो कधी बोलला नाही.

त्या मंगळवारी दुपारी रोशनी भारंबे एक मोटारसायकल ढकलत केंद्रासमोर आली. ती हायस्कुलात गणित शिकवायची. सुकलालची मुलगी पुनम तिच्याच वर्गात होती. मॅडमचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि मोटारसायकल मात्र नव्या नवरीसारखी चमकत होती. जुन्या साडेतीनशे सीसीच्या इंजिनावर नवी टाकी, रुंद हँडल, गोल दिवा. सगळं एकेक करून बनवून घेतलेलं.

"धुळ्याहून घेतली, सहा दिवस झाले," ती म्हणाली. "चालता चालता एकदम मरते. दिवा, हॉर्न, इंजिन, सगळं एकदम. मी थांबते, किल्ली काढते, घाम पुसते, परत किल्ली लावते, की लगेच सुरू! आतापर्यंत चार वेळा."

"मृत्यू चार, मृतदेह शून्य," साहेब पुटपुटले. "सुकलाल, लिहून घे."

"आणि रविवारी मला ती फैजपूरला घरी न्यायची आहे," रोशनीचा आवाज जरा खाली आला. "बाबांना ही गाडी पसंत नाही. म्हणतात, जोडतोडीचा माल आहे, कुठेतरी दगा देईल. त्यांची अट आहे, माझ्यासमोर शेजारच्या सावद्यापर्यंत न थांबता जाऊन ये, नाहीतर सोमवारी परत करून टाक. बनवणाऱ्यानेही परत घ्यायची तयारी दाखवली आहे. सुकलालभाऊ, आठ वर्षं मी या गाडीचं चित्र वहीच्या मागच्या पानावर काढतेय हो."

पुनमला अपूर्णांक समजावे म्हणून या बाईंनी शाळेत डबा उघडून पोळीचे तुकडे केले होते, हे सुकलाल विसरला नव्हता. त्याने मीटर काढला. बॅटरी बरोबर. फ्यूज बरोबर. अर्थिंग बरोबर. उभी गाडी एखाद्या आदर्श विद्यार्थिनीसारखी वागत होती.

तोवर साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा मुद्देमाल म्हणून जप्त करून टेबलावर ठेवला होता आणि भिंगातून टायर बघत होते.

"मॅडम, गाडी कुठे कुठे मेली?"

"इच्छादेवी चौकात. मग शाळेजवळ. मग—"

"पुरे. या सगळ्या ठिकाणी गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं?"

"लक्षात नाही."

"मला आहे," साहेब म्हणाले. "धुळ्याला पाठ होती! गाडीला माहेरची आठवण येते."

सुकलाल खोकला. "साहेब, चौकात, शाळेजवळ गतिरोधक आहेत. गाडी हादऱ्यानंच बंद पडत असेल. आत काहीतरी सैल असेल."

"हादरा!" साहेबांनी बोट वर केलं. "म्हणजे गुन्हेगार रस्ता आहे आणि त्याला कुणाची तरी फूस आहे. चला धुळ्याला."

बुधवारी शाळेला सुट्टी होती. मोटारसायकल टेम्पोत चढवून तिघे धुळ्याला, देवपुरात प्रेमराजच्या वर्कशॉपवर पोचले. प्रेमराज हा गाडी बनवणारा, चाळिशीचा, शांत माणूस. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो आता खिडकीतून पळणारच.

"शत्रू किती आहेत तुम्हाला?"

"माले? कोनीच नही," प्रेमराज म्हणाला. "तुम्ही कोन शेतस?"

"ते योग्य वेळी कळेल. गाडीत तुम्ही काय लपवलं आहे?"

"काहीच नही, भाऊ. बठ्ठी, सारी वायरिंग नवी शे. फक्त किल्ली लावतस ते कुलूप जुनं शे, बाईले तेच आवडनं व्हतं."

त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली दुसरी किल्ली घेतली, गाडी सुरू केली आणि नदीच्या पुलावरून दोन फेऱ्या मारून आणल्या. खड्डे, गतिरोधक, सगळ्यांवरून. गाडी एकदाही थांबली नाही. रोशनीला आनंद व्हावा की रडू यावं, कळेना. मग तिने आपली किल्ली लावली आणि जळगावचा रस्ता धरला. साहेब आणि सुकलाल टेम्पोतून मागे.

पारोळ्याच्या गतिरोधकावर गाडी मेली. एरंडोलला परत मेली.

"सुकलाल," टेम्पोत साहेब डोळे मिटून म्हणाले, "गाडी धुळ्यात चालते. जळगावकडे निघाली की बंद पडते. यावरून काय सिद्ध होतं?"

"काय?"

"दोष गाडीत नाही. दोष जळगाव जिल्ह्यात आहे."

शुक्रवारपर्यंत साहेबांनी आणखी तीन सिद्धांत मांडले. पहिला, मेहरूण तलावाची दमट हवा. पण एरंडोलला तलाव नव्हता, म्हणून तो मागे घ्यावा लागला. दुसरा उंदराचा. सुकलालने सगळी वायरिंग उलगडून दाखवली, उंदराचा दातही लागलेला नव्हता. "हुशार उंदीर आहे," साहेब म्हणाले. तिसरा सिद्धांत असा, की रोशनी मॅडम वर्गात मुलांना फार झटके देत असल्याने त्यांच्या अंगात वीज साठली आहे. हा त्यांनी मॅडमसमोरच मांडला. मॅडमनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने दहावीचा अख्खा वर्ग गप्प होत असे. साहेबही झाले.

शनिवारी सुकलालने शाळा सुटल्यावर रोशनीला गाठलं. "मॅडम, मला दोष सापडला नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला फार वाईट वाटलं. वीस वर्षांत त्याने असं कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही तरी या उद्या," ती म्हणाली. "गाडी परत जायची असेल, तर निदान एक शहाणं माणूस सोबत असू द्या."

रविवारी सकाळी रोशनी पुढे आणि हे दोघे सुकलालच्या स्कूटरवर मागे, असे निघाले. गाडी वाटेत, यावलच्या अलीकडे, सातव्यांदा मेली. फैजपूरला भारंबेंच्या अंगणात पोचली तेव्हा चुडामण भारंबे, म्हणजे रोशनीचे वडील, केळीच्या घडांजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"किती वेळा थांबली?" त्यांनी नमस्काराआधी विचारलं.

रोशनी खोटं बोलत नसे. "एकदा."

"हं," बाबा म्हणाले. "आता सावद्याला जाऊन ये. मी इथं बसलो आहे."

साहेबांनी घड्याळ काढलं. "तिसऱ्या गतिरोधकावर थांबेल," ते विश्वासाने म्हणाले. "मी लिहून देतो."

सुकलालला वाटलं, या माणसाचं तोंड बंद करणारं एखादं फ्यूज असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून रोशनीच्या आई, मंजुळाबाई, पदराला हात पुसत आल्या. "थांब गं! पंधरा दिवस झाले, कोठीची किल्ली घेऊन जळगावला गेली तू. पाहुणे आले आहेत अन् डाळ कोठीत! दे मले आधी."

"आई, ती याच जुडग्यात आहे. निघत नाही लवकर."

"मंग जुडगाच दे."

मंजुळाबाईंनी मोटारसायकलची किल्ली कडीतून ओढून काढली, तेवढीच कुलपात लावली आणि उरलेला जुडगा कमरेला खोचला. त्यात कोठीची धरून घराच्या चार किल्ल्या होत्या, शाळेच्या कपाटांच्या तीन, स्कूटरची एक, प्रयोगशाळेची एक, एक पितळी घंटी आणि एक छोटं लोखंडी कुलूप. त्याची किल्ली कुणालाच माहीत नव्हती.

रोशनी गेली.

साहेब ओठ हलवत सेकंद मोजत होते. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. चुडामण भारंबेंनी पायातली चप्पल दोनदा काढली, दोनदा घातली. अर्ध्या तासाने केळीच्या बागेपलीकडून धडधड ऐकू आली आणि रोशनी न थांबता अंगणात शिरली. तिच्या हातात सावद्याच्या दुकानातलं फरसाणाचं पुडकं होतं.

"तिथं गाडी बंद केलीस?" बाबांनी लगेच पकडलं.

"नाही. दुकानदाराने पळत येऊन दिलं."

साहेब उठून उभे राहिले. "माझ्या उपस्थितीचा दबाव," ते म्हणाले. "गुन्हेगार घाबरला."

मंजुळाबाईंनी डाळीची परात खाली ठेवली आणि कमरेचा जुडगा काढून कंबर चोळली. "गुन्हेगार काय अन् काय! हे अर्धा किलो लोखंड अर्धा तास कमरेला होतं, तर माझी कंबर वाकडी झाली. त्या बिचाऱ्या कुलपाला लटकवून खड्ड्यातून नेलं, तर ते फिरणार नाही? आमच्या जुन्या कपाटाची किल्ली नुसत्या गोंड्यानं फिरते."

सुकलालने जुडगा त्यांच्या हातून घेतला. मोटारसायकलच्या किल्लीला पुन्हा अडकवला, दिवा लावला आणि हँडल धरून गाडी हादरवली. जुडगा झुलला, किल्ली जराशी कलली, दिवा गेला. त्याने जुडगा काढला आणि दसपट जोराने हादरवलं. दिवा तसाच.

प्रेमराजने जुडग्याशिवाय नुसती किल्ली लावली होती, आणि मॅडम दर वेळी किल्ली काढून परत लावायच्या तेव्हाच गाडी का उठायची, हे सगळं त्याला एकदम दिसलं. त्याला आधी लाज वाटली आणि मग असं हसू आलं, की तो खाली बसला. रोशनीही हसता हसता टाकीवर डोकं टेकून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

साहेबांनी वही उघडली. "प्रकरण निकाली," ते लिहिताना मोठ्याने म्हणाले. "संशयित पहिल्याच दिवशी आमच्या ताब्यात होता."

हे मात्र खरं होतं. मंगळवारी जुडगा त्यांच्याच टेबलावर होता.

"कुलूप नवीन बसवून देतो, मॅडम," सुकलाल म्हणाला. "आजच्या दिवस किल्ली एकटीच ठेवा."

"ते बसवशील मंग," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून मोटारसायकलच्या मागे येऊन बसल्या. "आधी मले सावद्याला नेऊ दे. माझ्या बहिणीला दाखवू दे, आमची पोरगी काय चालवते ते."

"अगं, डाळ?" चुडामण म्हणाले.

"डाळ तुम्ही शिजवा."

मायलेकी धडधडत निघून गेल्या. बागेपलीकडे आवाज पोचेपर्यंत चुडामण भारंबे फाटकात उभे होते. मग ते हळूच सुकलालजवळ आले आणि साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"दादा, ह्या गाडीवर मागं एकच माणूस बसतो, की सरकून बसलं तर दोघं?"