मंगळसूत्राला फुकटचं पॉलिश

सोनाराकडून काम कसं करून घ्यावं, हे येळ्ळुरात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! म्हणजे, गेल्या रविवारपर्यंत तरी विचारायला हरकत नव्हती.

झालं असं की बायकोचं, प्रियदर्शनीचं, मंगळसूत्र वाढलं. तुटलं म्हणायचं नसतं, आई अंगावर धावून येते. मण्यांची तार गेली होती, एवढंच. पण चार दिवसांवर निपाणीत मेव्हण्याचं लग्न! तोवर हिच्या गळ्यात पिवळ्या दोऱ्यातलं हळकुंड.

"सख्खी करवली हळकुंड घालून मिरवू काय?" ती कडाडली.

"दे इकडं! सांजच्याला नव्यासारखं करून आणतो!"

पिरनवाडीच्या मष्णूशेठनं तार बदलली. तेवढ्यावर उठलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण मला फुकटाची हौस! "शेठ, जुनं गिऱ्हाईक मी. पॉलिश तरी फुकट मारा की!" खरं तर त्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं.

"मारतो की अण्णा. एका वाटीला पोचा हाय, तोबी काढतो."

"काढा, काढा!"

घरी सासरे आलेले होते, भरमूआप्पा, लेकीला न्यायला. त्यांच्यासमोरच मी डबी उघडली. काय ती चमक! आता कौतुक होणार म्हणून मी ताठ बसलो. प्रियदर्शनीनं दोन्ही वाट्या उलटसुलट केल्या आणि तिचा चेहराच उतरला.

"माझ्या आईची वाटी कुठली?"

माहेरची एक वाटी, सासरची एक, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण तिची माहेरची वाटी म्हणजे वारलेल्या आईच्या बुगड्या मोडून केलेली. कपाटाच्या दारात सापडून तिला पोचा पडला होता, आणि बारा वर्षं ही त्या पोच्यावरूनच आईची वाटी ओळखत होती. रोज अंघोळीनंतर आधी तिला हात लावायची. तो पोचा मी फुकटात काढून आणला होता!

ती रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रडतीस कशाला?" आई म्हणाली. "जड आसंल ती आमची. ठासून सोनं घातलंय आम्ही!"

"इहीणबाई, जड ती आमची!" आप्पा उसळले. "बुगड्यांत मी पदरचं सोनं घातलंय! व्हय का न्हाय गं?"

झालं! दोघं आलटून पालटून वाट्या तळहातावर तोलायला लागले. तेवढ्यात एका वाटीची कडीच आप्पांच्या बोटात निघून आली. नव्यासारखं काम! मी रिक्षा बोलावली आणि सगळ्यांना घेऊन पुन्हा पिरनवाडी गाठली.

मष्णूशेठनं दुसरी वाटीही सोडवली आणि एकेक करून दोन्ही काट्यावर तोलल्या. कडी निघालेलीच जड भरली.

"बघा, आमची!" आई.

"आमची!" आप्पा.

"भांडू नकासा," मष्णूशेठ म्हणाला. "मघाशी पॉलिश करताना कडी ढिली झाली, चूक माझी. जाळ मारून पक्की करून देतो, फुकट!"

'फुकट' ऐकून आयुष्यात पहिल्यांदाच मी पाकिटाला हात घातला. त्यानं फुंकणीनं जाळ मारला. भसकन धूर निघाला आणि वाटीतून काळं-तांबडं काहीतरी पाझरलं.

"लाख हो. पोकळ वाटीत भरत्यात." त्यानं वाटी निववून पुन्हा तोलली. जड वाटी दुसरीच्या निम्मीसुद्धा भरली नाही!

"तुमची वाटी लई हलकी निघाली की हो," आप्पा म्हणाले.

"आमची? आता गं बया! मघाशी कोण आमची आमची करत हुतं?"

"तुम्हीच की!"

प्रियदर्शनीनं डोळे पुसले आणि ती निम्मी झालेली वाटी उचलून मुठीत धरली. "बास करा दोघं. आईच्या बुगड्या केवढ्याशा हुत्या, मला ठावं हाय. एवढंच सोनं निघायचं त्यातनं. ही माझ्या आईची. शेठ, कडी बसवा, पर लाख भरू नकासा. हाय तशी घालणार मी."

आप्पांनी खाली मान घातली. "पदरचं सोनं घालायचं लई मनात हुतं गं पोरी," एवढंच पुटपुटले. आई मात्र फुलून गेली. "मी काय म्हणत हुते? शेवटी जड कुणाची?"

"व्हय आत्ती, तुमचीच," प्रियदर्शनी गोड आवाजात म्हणाली. "शेठ, तिचीबी कडी जरा ढिलीच वाटतीया. जाळ पेटलेलाच हाय, तेवढी मारून घ्या."

आई इतक्या चपळाईनं उठलेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं काट्यावरची वाटी उचलून सरळ कनवटीला लावली. "काय नको! जाळ इझीव आधी! दोन्ही वाट्या सारख्याच आसत्यात!"

परतीच्या रिक्षात तिघं तीन दिशांना तोंडं करून बसले. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "पण पॉलिश झकास झालंय, न्हाय?"

तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच उतरलो आणि ऑफिसात महत्त्वाचं काम आहे म्हणून बेळगावची बस पकडली. ऑफिसला कुलूप होतं. रविवार होता हो!