रंगबहार

शनिवारी सकाळी विनिताने तिसऱ्यांदा हाताला साबण लावला, तिसऱ्यांदा हात धुतले आणि उजव्या हाताची तीन बोटं तिसऱ्यांदा लालभडकच राहिली. मग तिने भांड्यांची घासणी घेतली. सालटी निघायची वेळ आली, पण रंग जागचा हलला नाही.

काल संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी उरलेलं मलम तिने याच तीन बोटांनी निपटून काढलं होतं. रात्री बोटं जरा पिवळट दिसली होती, तेव्हा हळद लागली असेल म्हणून ती झोपून गेली. आता मात्र तिने घासणी खाली टाकली, कारण त्याच मलमाची एक डबी तिने काल सकाळीच शाळेत देवयानीबाईंना नेऊन दिली होती.

देवयानीबाई म्हणजे डोंबिवलीतल्या तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. विनिता तिथे तीन वर्षं कंत्राटावर शिकवत होती. तिच्यानंतर आलेल्या दोघी कायम झाल्या, ही आपली तिथल्या तिथेच. यंदा तिचं शिफारसपत्र एकदाचं टाईप होऊन बाईंच्या टेबलावर गेलं होतं आणि सोमवारी त्यावर सही व्हायची होती. शिवाय आज संध्याकाळी बाईंचा जाहीर सत्कार होता. "उद्या आंघोळीआधी तासभर चेहऱ्याला लावून ठेवते," डबी हुंगत बाई म्हणाल्या होत्या, "स्टेजवर बसायचंय ना!"

"आई!" विनिता स्वयंपाकघरात धावली. "तेरड्याने रंग येतो असं तुम्हीच म्हणालात ना?"

सासूबाई मनुबाई कोपरीच्या जुन्या कोळणी. लसूण सोलता सोलता त्यांनी सुनेची बोटं पाहिली आणि पसंतीची मान हलवली. "मंग! बघ कसा बेस आयलाय."

"अहो, मला वाटलं रंग म्हणजे चेहऱ्याचा! उजळतो तसा!"

"तोंडाला कोन लावतं गो बाय? नखाला लावतान. गवरीचे सणाला आमी सगल्या पोरी बोटा रंगवायचो."

"आणि तुरटी घाल म्हणालात ती?"

"तुरटी नाय घातली तर रंग धरंल कसा? तू इचारलंस, मी सांगलं."

सासूबाईंचं काहीच चुकलं नव्हतं. मोबाईलवरच्या एका व्हिडिओतली बाई रानातली फुलं खुडून तेलात उकळवते, त्यात मधमाशीचं मेण वितळवते आणि टवटवीत गालांनी हसते, हे पाहून भुलली होती ती विनिता. आंबिवलीला नणंदेकडे गेली तेव्हा घरामागचा अख्खा उतार तेरड्याने गुलाबी झालेला. तिने पिशवी भरून फुलं-पानं आणली, सासूबाईंना गुण विचारला, त्यांनी एका शब्दात सांगितला, आणि हिने तो आपल्याला हवा तसा ऐकला. फुलं-पानं तुरटीसकट वाटून तेल-मेणात घातली. वर डबीला चिठ्ठी चिकटवून सुंदर अक्षरात नावही लिहिलं: 'रंगबहार'.

"लिंबू चोळ, लिंबाने सगळं जातं," नवरा मितेश अंथरुणातून म्हणाला. तिने अर्धं लिंबू पिळून चोळलं. बोटं होती त्याहून लाल झाली.

"मेंदीला पन आमी लिंबूच लावतो," मनुबाई म्हणाल्या. "रंग चढाया."

विनिताला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. तीन वर्षं मान मोडून वह्या तपासल्या, एक सुट्टी जास्त घेतली नाही, आणि आता बाई तांबडं तोंड घेऊन सत्काराला बसणार. बाईंना फोन लावला, तो बंद.

"मेसेज टाक ना, एक्स्पायर झालंय म्हणून," मितेश म्हणाला.

"परवाच बनवलेलं?"

"मग डबी बदलूया. सिंपल आहे यार."

सिंपल काही नव्हतं, पण दुसरं सुचतही नव्हतं. तसल्याच दुसऱ्या डबीत मितेशची ओठांना लावायची व्हॅसलीन भरली, गुलाबपाण्याचे चार थेंब टाकले, 'रंगबहार'ची नवी चिठ्ठी चिकटवली आणि दोघं स्कूटरवर बसली. शिळफाट्याला एक कंटेनर आडवा होऊन पडला होता. पुढचा पाऊण तास विनिता मितेशच्या खांद्यावरून घड्याळ बघत होती आणि मनातल्या मनात बाईंना विनवत होती, आज आंघोळ जरा उशिरा करा हो.

मानपाड्याला मितेशला खाली थांबवून तिने बाईंच्या घराची बेल वाजवली तेव्हा दहा वाजून गेले होते. दार बाईंचे यजमान चांगदेवकाकांनी उघडलं. त्यांनी नाकापासून हनुवटीपर्यंत पंचा गुंडाळला होता.

"दाढ," ते पंच्याआडून म्हणाले. "ये. ती पूजेला बसलीय."

म्हणजे आंघोळ झाली! ओढणीत हात गुंडाळून विनिता आत गेली. बेसिनजवळच्या फळीवर आरशाखालीच डबी होती.

"काका, जरा पाणी मिळेल?"

काका आत वळले. विनिताने झडप घालून डबी उचलली, पर्समध्ये कोंबली, दुसरी फळीवर ठेवली. तिचा हात मागे येतो न येतो तोच देवघरातून बाई बाहेर आल्या.

"अगं विनिता, तू? आणि अशी अचानक?"

विनिताने आधी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड स्वच्छ होतं.

"इथूनच चालले होते बाई. म्हटलं, आधीच अभिनंदन करावं."

"गुणाची आहेस. गडबडीत तुझं मलम राहूनच गेलं बघ. आता लावते." असं म्हणून बाईंनी डबी उघडली आणि दोन्ही गालांना चांगलं चोपडून घेतलं. विनिताला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

खाली रस्त्यावर येऊन तिने मोठ्या थाटात पर्समधली डबी उघडली. "बघ, वाचलो!" ती म्हणाली आणि तिथेच थिजली. डबी अर्धी रिकामी होती.

"लावलंय कोणीतरी," मितेश म्हणाला.

"पण बाई तर म्हणाल्या, राहूनच गेलं."

"चेहऱ्याला राहिलं असेल. हातापायाला लावलं असेल तर? तुझा कलर किती वेळाने आला?"

"रात्रभराने," विनिता म्हणाली आणि स्कूटरचा आरसा धरून उभी राहिली.

तो दिवस तिने कसा काढला ते तिलाच माहीत. संध्याकाळी सभागृहात ती शेवटून दुसऱ्या रांगेत, हात ओढणीत लपवून बसली. बाई स्टेजवर आल्या. चेहरा तुकतुकीत होता. त्यांनी नमस्कार केला तेव्हा विनिता अर्धवट उठून त्यांचे तळवे न्याहाळू लागली. तळवेही गोरे. शाल, श्रीफळ, टाळ्या सगळं झालं, बाईंवर लाल ठिपकासुद्धा नव्हता.

मग गेलं कुठे मलम?

चहाच्या वेळी बाईंनी तिला हाक मारली. "विनिता, तुझ्या मलमाने काय तेज आलंय गं! दर महिन्याला एक डबी हवी मला. अगदी हीच हं." विनिता कसनुसं हसली. "आणि यांना बघितलंस का? वीस वर्षं सांगतेय, मिशी रंगवा. नाही म्हणजे नाहीच. आणि आज माझ्या सत्काराला..."

बाईंच्या मागे चांगदेवकाका उभे होते. आता पंचा नव्हता. कालपर्यंत कापसासारखी पांढरी असलेली मिशी ताज्या विटेच्या रंगाची होऊन झुपकेदार शोभत होती आणि तीनचार गृहस्थ ती निरखून बघत होते. बाईंना कुणीतरी फोटोला ओढून नेलं, तसे काका विनिताजवळ सरकले.

"सकाळी डबी बदललीस," ते हळूच म्हणाले. "आरशात दिसलीस मला."

"काका, सॉरी, मी खरंच..."

"अगं, डबीवर स्वच्छ लिहिलंय, रंगबहार. रंग! वाचल्यावर मी कालच मिशीला लावलं. सकाळी बघतो तर ही तेच तोंडाला लावायला निघालेली. सांगितलं तर माझी मिशी उघडी पडते, नाही सांगितलं तर हिचं तोंड रंगतं. पंचा बांधून पहाटेपासून विचार करत होतो, तोवर तू आलीस."

"मग बाईंना आता..."

"तिला वाटतंय दुपारी सलूनमध्ये गेलो होतो. वाटू दे." काकांनी हळूच उजवा हात पुढे केला. त्यांचीही तीन बोटं लालभडक होती. नकळत विनिताचाही हात ओढणीबाहेर आला आणि दोन्ही हात शेजारी शेजारी सारखेच दिसले. "मुळाशी पांढरं दिसायला लागलं की निरोप धाडीन, त्या डबीतलं उरलेलं पाठव. सोमवारच्या सहीची काळजी नको, पेन मी स्वतः तिच्या हातात देतो."

"काय कुजबुजताय रे दोघं?" फोटो आटोपून बाई मागे वळल्या.

काकांचा हात झब्ब्याच्या खिशात गेला, विनिताचा ओढणीत.

"काही नाही," काका म्हणाले. "दाढ."