एका कढईचं अंतर

येरासिलनं फोनवर सांगितलं होतं, कोरियातल्या सोलहून दुपारी बाराला निघायचं आणि अल्माटीत तीनला उतरायचं. मध्ये किती हजार मैल, ते कामशातबाईंनी विचारलंच नाही. अल्माटीजवळच्या तलगारची जुनी माणसं वेळ मोजतात ती मटण शिजण्यावर. "म्हणजे एक कढई," त्या म्हणाल्या. चार वर्षं लेक तिकडे कारखान्यात होता. थोरल्यांनी धाकट्याच्या तोंडात वाफाळता घास घालायचा रिवाज. लेक दारात आला की तो घास आपल्या हातचा असावा, एवढंच त्यांचं मागणं.

सकाळी आठलाच फोन वाजला. "अपा, विमानात बसलो गं. निघालं!"

त्यांनी धावत जाऊन कढईखाली जाळ केला. धूर बघून शेजारचे, गावनात्यानं सासरे लागणारे म्हातारे सेइतकाली आले. "बाराचं विमान आठला कसं सुटलं, सूनबाई?"

"पायलटलाही आई असेल की, मामंजी."

मटण शिजलं. वास गल्लीभर गेला, मागोमाग गल्ली आत आली. येरासिल मात्र येईना.

"वारा समोरून असेल," सेइतकाली म्हणाले.

"विमानाला कसला वारा?"

"घोड्याला लागतो, विमानाला नाही लागणार?"

सगळे अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखालच्या चौथऱ्यावर आडवे होऊन आभाळ बघू लागले. चहात पाकळ्या पडत होत्या. कुणी विमानाला वाळवंटावर नेलं, कुणी ढगात. "मी तरुणपणी चीनच्या हद्दीपर्यंत सात कढयांत गेलो होतो," सेइतकाली पेंगत म्हणाले, आणि एकदम उठून बसले. "मटण हाडांवरून सुटलं गं! आता वाढ, नाहीतर नुसतं पाणी प्यायला लागेल."

दारी आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? बाईंनी वाढलं. शेवटचा तुकडाही गेला, तेव्हा त्या रित्या कढईपाशी बसून डोईच्या रुमालानं डोळे पुसत राहिल्या. मग ऊन अंगावर आलं, गल्ली जिथल्या तिथे घोरू लागली आणि त्यांचाही डोळा लागला. स्वप्नात विमान एखाद्या गाभण घोडीसारखं डोंगरावर चरत, रमतगमत येत होतं.

जाग आली ती वासानं. बाह्या वर सारून येरासिल कढई ढवळत होता.

"कधी आलास रे?"

"तीनलाच उतरलो. आलो तर अख्खं गाव झोपलेलं, कढई चाटूनपुसून साफ. कोपऱ्यावरून मटण आणलं. अपा, तिकडे बारा वाजले की इथे आठच असतात. सात तास लागतात यायला. आणि तू कढईभर झोपलीस!"

त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं वाफाळता घास त्यातच घातला.

सेइतकाली ताडकन उठले. "अरे, उलटं काय करतोस? मोठ्यानं भरवायचं लहानाला!"

कामशातबाईंनी घास सावकाश गिळला.

"बरोबरच केलं त्यानं, मामंजी. तिकडच्या घड्याळानं तो चार तास पुढे आहे. आज थोरला तोच." आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.