भैरूची टक्कर आणि माझं हँडल

मोटारसायकलचं हँडल बदलणं म्हणजे काय मोठंसं? जुनं काढायचं, नवं बसवायचं, हात धुवायचे आणि चहा प्यायचा! असं मी बायकोला, शेजाऱ्यांना आणि गिरणीच्या अख्ख्या कचेरीला ऐकवून ठेवलं होतं. एवढं ऐकवायला नको होतं.

गाडी भलीदांडगी, शेजारी साइडकार. गिरणीतला गोरा मास्तर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. तो म्हणे या गाडीवरून पार विजापूरपर्यंत हिंडायचा. मी हिंडलो तो होटगी रस्त्यावरच्या एका लिंबापर्यंत. तिथं हँडल वाकलं. लिंबाला काही झालं नाही.

मुंबईहून नवं हँडल मागवलं. चांगलं रुंद, चकचकीत, दोन्ही टोकं झोकात मागे वळलेली. ते बसवायची घाई होती ती मामांमुळे. मामा म्हणजे माझे सासरे, मोहोळकडचे बिरप्पा. मेंढरांत जन्म गेलेला माणूस. कचेरीत बसून कागद खरडणारा जावई त्यांच्या हिशेबी माणसांतही नव्हता आणि मेंढरांतही. त्यांचा खरा जीव भैरूवर. भैरू हा त्यांचा टकरीचा एडका. आजवर त्यानं कुणालाही पाठ दाखवली नव्हती. दुसऱ्या दिवशी वळसंगच्या जत्रेत त्याची टक्कर होती, म्हणून मामा त्याला घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले होते.

मी छाती पुढे काढून सांगून टाकलं की उद्या भैरू साइडकारमध्ये बसेल आणि मामा माझ्या मागे. एडक्याचे पाय उगाच कशाला शिणवायचे? मामांनी गाडीला एक फेरी घातली, टायर दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बघू की."

लग्नापासून या माणसानं मला पहिल्यांदाच नाही म्हटलं नव्हतं! मी हरखून गेलो. उद्या वळसंगला साऱ्या जत्रेदेखत मामा माझ्या गाडीवरून उतरणार आणि चारचौघांत म्हणणार, हे आमचे जावई. बस्स, एवढंच मला हवं होतं.

त्याच सकाळी अंगणात पाने मांडले आणि जुनं हँडल काढलं. काढणं फारच सोपं गेलं. त्याला जोडलेल्या तारा मात्र सुटून अशा गुंतल्या की कुठली ब्रेकची आणि कुठली क्लचची, हे ओळखू येईना. बायको, मायाक्का, म्हणाली की काढतानाच एकेकीला चिंधी बांधायची होती. मी तिला यंत्रातलं कळत नाही असं सांगितलं. तिनं जुनं हँडल उचललं आणि त्याच्यावर लुगडं वाळत घातलं.

नवं हँडल बसवलं, दिवा लावला, रबरी भोंगा लावला. खालचा मोठा बोल्ट तेवढा आवळायचा राहिला, कारण तो सापडेना. मी तो शोधायला वाकलो आणि इकडे हँडल हळूच कलंडलं. त्याच्याबरोबर दिवाही खाली झुकला.

समोर भैरू बांधला होता. आता तुम्हीच सांगा, मधे गोल तोंड, दोन्ही बाजूंना मागे वळलेली शिंगं, आणि मान खाली! भैरूनं खुरानं माती उकरली.

"मामा, त्याला धरा," मी म्हणालो.

मामा गंभीरपणे उठले. "आता कसं धरू? तुमच्या गाडीनं मान घातली की खाली. समोरच्यानं टक्कर मागितल्यावर आपलं जनावर धरून ठेवलं, तर ती आपलीच हार."

"अहो, ती मोटारसायकल आहे!"

"असंल. पर मागितली तिनं," मामा म्हणाले आणि त्यांनी दावं सोडलं.

पहिल्या धडकेत दिव्याची काच गेली. दुसऱ्या धडकेत माझं मुंबईचं हँडल मधोमध पिळलं. साइडकारमुळे गाडी काही आडवी होईना. शेजारचे विणकर माग सोडून धावत आले, बाया भिंतीवर चढल्या. मी मधे पडायला गेलो तर सगळ्यांनी मलाच ओढून बाजूला केलं. टकरीत माणसानं मधे यायचं नसतं म्हणे! तिसऱ्यांदा भैरू असा आला की त्याचं कपाळ नेमकं रबरी भोंग्यावर बसलं.

पोंऽऽऽ!

भैरू जागच्या जागी गर्रकन फिरला, घरात घुसला आणि बाजेखाली जाऊन बसला.

मामांनी खाली बसून डोक्याचा पटका काढला आणि मांडीवर ठेवला. म्हातारा रडतो की काय, असं वाटून मला खरंच वाईट वाटलं. हँडलचं दुःख क्षणभर विसरलो. पण मामा नेकीचे. उठले, देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि गाडीवर उधळला. "जिंकली," म्हणाले. "पाठ दावलेला एडका उद्या उभा करता यायचा न्हाय. त्याच्या जागी आता हिलाच न्यायची."

मी म्हणालो, गाडी चालणार नाही. मामा म्हणाले, बैल चालतील.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही वळसंगला निघालो. पुढं बैलगाडी, तिला कासऱ्यानं बांधलेली माझी मोटारसायकल, पिळलेल्या हँडलवर झेंडूची माळ, आणि साइडकारमध्ये पटका बांधून ताठ बसलेले मामा. भैरू काही केल्या त्या गाडीजवळ जाईना. म्हणून त्याला घेऊन मी मागून पायी.

जत्रेत ही गर्दी जमली! मामांनी दिव्याच्या फुटक्या काचेवरून हात फिरवत टक्कर रंगवून सांगितली. ही आमच्या घरची, लई खंबीर, असंही सांगितलं. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आन् ह्यो कोन म्हनायचा?"

मी सदरा झटकला.

"त्यो व्हय?" मामा म्हणाले. "त्यो दावं धरतोय."

मी दावं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. निदान तेवढं तरी जमतं, हे त्यांना दिसावं म्हणून. तेवढ्यात कुठल्याशा पोरानं गाडीचा भोंगा दाबला, आणि भैरू सुटला तो थेट मोहोळच्या दिशेनं.