कन्सोलविषयक सुधारित धोरण

शेजारच्या कंपनीने काय केले हे कळल्याशिवाय आपण काहीही करायचे नाही, असे आमच्या गेमिंग कन्सोलच्या कंपनीचे लेखी धोरण आहे. त्यासाठी साहेबांच्या खिडकीत दुर्बीण बसवली आहे आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मला.

त्या दिवशीची बैठक गंभीर होती. यंत्र विभागातल्या माझ्या काकांनी नऊ वर्षे खपून एक कन्सोल तयार केला होता. बटण दाबले की गेम सुरू! ना अपडेट, ना पासवर्ड, ना वाट पाहणे. या मोसमात त्याला मंजुरी मिळाली नाही, तर काकांचा विभाग बंद होणार होता. बिचारे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"शेजाऱ्यांनी यंत्र लहान केलंय," साहेब दुर्बिणीतूनच म्हणाले.

"आपण त्याहून लहान करू," मार्केटिंगच्या बाई म्हणाल्या.

"अरेच्चा! डिस्क घालायची खाचही काढली त्यांनी!"

"मग आपण बटणही काढू!"

"अहो, पण चालू कसं करायचं?" काका कळवळले.

"चालू करणं हा जुनाट विचार झाला," साहेब म्हणाले. मी तसे लिहून घेतले.

तासाभरात शेजाऱ्यांनी जाहीर केले, की त्यांच्या यंत्रावर सगळ्या कंपन्यांचे गेम चालतील. आमच्याकडे धावपळ उडाली. शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. "त्यांच्यावर सगळ्यांचे, तर आपल्यावर कुणाचेच नाहीत! याला म्हणतात वेगळेपण." सगळ्यांनी बाके वाजवली. सवयीने मीही वाजवली.

पण दुर्बीण शेजाऱ्यांकडेही होतीच. चारपर्यंत त्यांनीही सगळे गेम काढून टाकले. ते पाहून आम्ही आतले यंत्र काढले, मग त्यांनीही काढले. साडेचारला दोन्ही कंपन्यांकडे नुसते खोके उरले. आमचे जास्त चकचकीत होते, हे मात्र नोंदवायलाच हवे.

"साहेब, यात खेळायचं काय?" काकांचा आवाज चिरकला.

"खेळायला वेळ कुणाला आहे हो? लोकांना घ्यायचं असतं."

विक्रीच्या दिवशी दुकानापासून थेट चौकापर्यंत रांग लागली. विभाग बंद झालेले काका आपला कन्सोल छातीशी धरून रांगेजवळ आले.

"फुकट घ्या हो! बटण दाबलं की लगेच चालतो!"

"लगेच चालतो?" एकाने संशयाने विचारले. "म्हणजे जुनाच दिसतोय."

आसपासचे चारजण मागे सरकले. काकांचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात त्यांना रांगेत मी दिसलो.

"अरे, आत काही नाही हे तूच लिहिलंस ना?"

"हो काका, पण संपले तर?"

लाज वाटली हो मला, खरंच वाटली. म्हणून तर मी तुमच्या पाठीमागे तोंड लपवले. तुम्ही मात्र छान ताठ उभे होतात, आणि घेतलेतही दोन.