बॉम्ब टाकणाऱ्यांची वकील

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणे झाले, पण ज्याला टाळ्या पडल्या, असा एकच. दोन वर्षांपूर्वी, वारज्यात, आमच्या सोसायटीच्या बाकावर बसून, एका शहरावर महिनोन्‌महिने चाललेली बॉम्बफेक कायदेशीर आहे, हे मी सिद्ध करून दाखवलं. तेव्हा मी अवघी एकाहत्तर वर्षांची होते; अक्कल यायची होती. शहराचं नाव लिहीत नाही. तुम्ही हे वाचाल तोवर यादीत दुसरं आलेलं असेल.

कोर्ट भरवलं होतं सोनवणे सरांनी. सर कायद्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले, पण कायदा काही त्यांना सोडेना. "आज म्हैस आजारी होती," असं दूधवाल्यानं म्हणायची सोय नव्हती. लगेच, "पुरावा?"

रोज संध्याकाळी पाचला पार्किंगमधल्या बाकावर त्यांचं कोर्ट बसे. वकील म्हणजे आम्ही पाच-सहा म्हातारे. सर वहीतून एक प्रश्न वाचत, नेहमी त्याच युद्धातला, आणि बाजू वाटून देत. तळमजल्यावर बापटांकडे कुकर लागलेला असे. तीन शिट्ट्या झाल्या की युक्तिवाद बंद. बापटांकडे राजमा असला की सहा शिट्ट्या, वकिलांची चैन.

बॉम्ब टाकणाऱ्यांची बाजू कोणी घेईना. ती सर मला देत. "वहिनी, तुमची जीभ त्या कामाची आहे." मला तो गौरव वाटे. कॉलेजात 'युद्ध : शाप की वरदान' या विषयावर मी एका वर्षी शापाची ढाल जिंकले आणि पुढच्या वर्षी वरदानाची. मधल्या काळात मत बदललं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"आधी पत्रकं टाकून निघून जा म्हटलं, तर राहिलेल्यांवर बॉम्ब टाकता येतो का?" सर विचारत.

"सूचना दिली होती ना?" मी म्हणे. "आपल्याकडे नाही का, गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून बोर्ड लावतात? बादल्या भरल्या नाहीत त्याला कोण काय करणार?"

"मुद्द्यावर या, वहिनी. जायचं कुठे, ते पत्रकात होतं का?"

मग त्या दिवशीचा प्रश्न आला. एवढे महिने चाललेली बॉम्बफेक कोणीच थांबवली नाही. मग ती आपोआप कायदेशीर होते का?

मी पदर खोचला. म्हटलं, "होते! समोरच्या बिल्डिंगचा वरचा मजला बघा. बेकायदा होता की नाही? दहा वर्षं कोणी पाडला नाही. आता दंड भरून नियमित झालाय, वर कुंड्यासुद्धा आल्यात. बॉम्बचंही तसंच. लावून धरायचं!"

टाळ्या. बापट तर हसून हसून खोकले. अजून एकच शिट्टी झाली होती. सरांनी वही मिटली. "याला माझ्याकडे उत्तर नाही," म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेले.

चार दिवस कोर्ट बसलं नाही. पाचव्या दिवशी मी थालीपिठं घेऊन त्यांच्याकडे गेले. मनातून माफीपेक्षा कौतुकच ऐकायचं होतं, लपवत नाही.

शोकेसमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्यांच्या पत्नीचा, कमलताईंचा, फोटो; ताई जाऊन सहा वर्षं झालेली. फोटोत त्यांच्या गळ्यात हात टाकून एक परदेशी मुलगी. हुदा, सर म्हणाले. बॉम्ब पडत होते, त्याच शहरातली. वीस वर्षांपूर्वी पुण्यात कायदा शिकायला आली आणि तीन वर्षं यांच्या मागच्या खोलीत राहिली. कमलताईंना ती आई म्हणायची. आता तिकडे वकील. बॉम्बनं काय काय पडलं त्याची नोंद ठेवायची : बेकरी, मुलींची शाळा, पाण्याची टाकी. कधीतरी कुठलंतरी कोर्ट बसेल म्हणून. रोज दुपारी सरांना फोनवर एक प्रश्न लिहायची : ते असं म्हणतात सर, मी काय म्हणू?

तोच प्रश्न पाच वाजता आमच्या बाकावर यायचा. आणि रात्री उत्तर तिच्याकडे जायचं.

वही टेबलावर उघडी होती. डाव्या पानावर हुदाचे प्रश्न, उजव्या पानावर उत्तरं. डावीकडे शेवटचा प्रश्न तोच, ज्यावर मी टाळ्या घेतल्या होत्या. उजवं पान कोरं.

"त्यानंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर प्रश्न आलेला नाही. मी रोज फोन लावतो. लागत नाही."

थालीपिठाचा डबा कुठे ठेवावा ते मला कळेना. शेवटी म्हटलं, "सर, उद्या कोर्ट बसवा. तोच प्रश्न घ्या. मी मुद्दाम हरते. तुम्ही उत्तर लिहून तिला पाठवून द्या."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि मान वर न करता म्हणाले, "मुद्दाम हरू नका, वहिनी. तिकडे त्यांचा वकील मुद्दाम हरणार नाहीये."