ताजे कान

शमुवेलभाऊ एसटीत कंडक्टर होते, तेव्हा पवनी-आसगाव गाडीत तिकिटाबरोबर बायबलातली एक गोष्टही मिळायची. नको म्हणायची सोय नव्हती. गोष्ट संपली की भाऊ तिकिटाचा पंच कटकट वाजवत उभे. प्रवासी घाईने म्हणायचा, "समजलं जी."

"समजलं म्हनू नोको. परत सांग."

परत सांगेपर्यंत सुटे पैसे मिळत नसत.

हा सगळा खटाटोप बायबल आमच्याकडच्या झाडीबोलीत आणण्यासाठी. परत सांगताना माणूस जिथे अडेल, ते वाक्य भाऊ बदलायचे. मराठी बायबल आहे की फार जुनं, असं मी त्यांना बजावायचो. मी गावच्या शाळेचा हेडमास्तर. अख्खी नोकरी पोरांच्या तोंडचं 'मले-तुले' खोडण्यात गेली.

"गुरुजी, ते लिवलं तवा गोऱ्या सायबानं पंडिताले इचारलं," भाऊ म्हणायचे. "रोवणीवालीले कोनं इचारलं?"

"अहो, पण देवाच्या तोंडी ही भाषा?"

"काहून? येशू का पुण्याले शिकाले गेलता? त्याचा चेला पेत्र नुसतं तोंड उघडे, अन् लोक ओळखत, हा खेड्यातला आहे म्हून!"

मला हे माहीत नव्हतं. मी विषय बदलला.

ऐकणाऱ्याला अट एकच. त्याने ती गोष्ट आधी ऐकलेली नसावी. "मले ताजे कान पायजे," असं म्हणत भाऊ आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्या माणसापाशीही पोचायचे. पेरणाऱ्याची गोष्ट त्यांनी धानाची रोवणी करणाऱ्या बायांना ऐकवली, तर त्यातली एक कंबर सरळ करून म्हणाली, "रस्त्यावर बी सांडते, तो कोनाचा बह्याड पोरगा होय जी?"

उधळ्या मुलाच्या गोष्टीला तर धानाच्या बांधीत कामच थांबलं. घर सोडून गेलेला पोरगा कंगाल होऊन परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. एका म्हातारीने विचारलं, "अन् माय कोठी होती?"

पुस्तकात आईचा उल्लेखच नाही. भाऊंना कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही. "पुस्तकात नाही, ते मी कसा टाकू, गुरुजी?"

त्यांना 'परतसांग' हे नाव कोणी ठेवलं, यावर गावात अजून वाद होतात. मिटवून टाकतो. मी ठेवलं. पानठेल्यावर, चारचौघांत. नाव इतकं चाललं की "परतसांग आला!" म्हणत लोक सायकली वळवू लागले. भाऊंना कान मिळेनासे झाले. वर मीच सांगत सुटलो की उधळ्या पोरापाशी याची गाडी फसली, पुस्तक काही या जन्मी होत नाही.

परवा नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्याकडे गेलो. ओसरीत त्यांच्या पत्नी मार्थाबाई बसल्या होत्या. हल्ली त्यांना काही आठवत नाही, त्या बोलतही नाहीत. मलाही ओळखलं नाही. भाऊ त्यांना वाचून दाखवत होते, तीच उधळ्या मुलाची गोष्ट. पोरगा घराबाहेर पडला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप धावला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली.

"अजून हीच गोष्ट?" मी म्हणालो.

"पुस्तक कवाचंच पुरं झालं, गुरुजी." भाऊंनी आवाज उतरवला. "पन ही रोज आयकते, अन् रोज पयल्यांदाच आयकते. दिवसभर एक शब्द नाही. हे वाचलं का मंग बोलते." मग बाईंकडे वळून म्हणाले, "परत सांग पाय."

बाई सांगू लागल्या. कुठे अडल्या नाहीत. बाप धावला तिथे थांबल्या, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "अन् माय कोठी होती?"

मठ्ठ पोराकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चुलीपाशी. पोरगा उपाशी येईन ना? भात कोन टाकीन?"

भाऊ खाली मान घालून हसत होते. त्यांनी हे रोज ऐकलेलं होतं.

"हे पुस्तकात नाही टाकता येत," ते म्हणाले. "म्हून रोज इचारतो. उद्या बी या, गुरुजी. हिचे कान ताजेच राहतीन."

पत्रिका खिशातच राहिली होती. घरी आल्यावर लक्षात आलं आणि बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जायला निमित्त झालं.